शैक्षणिक नेतृत्व व व्यवस्थापन (पदव्युत्तर अभ्यास)

शैक्षणिक नेतृत्व व व्यवस्थापन ही शिक्षणशास्त्राची एक उपशाखा आहे. शाळा, महाविद्यालये आणि शिक्षण प्रशासनाची कार्यालये यांचे नियोजन, संघटन, वित्त, मनुष्यबळ, पर्यवेक्षण आणि गुणवत्ता यांचा अभ्यास या शाखेत केला जातो. या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम मुख्यतः सेवेतील शिक्षक, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी व प्राचार्य यांच्यासाठी असतात. भारतात हे शिक्षण तीन प्रकारे उपलब्ध आहे: शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीचा एक भाग म्हणून, स्वतंत्र पदविका म्हणून आणि सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणून.

संकल्पना

व्यवस्थापन आणि नेतृत्व हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी अभ्यासक्रमांत त्यांत भेद केला जातो. उपलब्ध साधनांचा नियमबद्ध व काटकसरीचा विनियोग म्हणजे व्यवस्थापन. वेळापत्रक, अंदाजपत्रक, सेवापुस्तिका, संचमान्यता, बिंदुनामावली, शालेय पोषण आहाराच्या नोंदी ही कामे त्यात येतात. संस्थेची दिशा ठरवणे, सहकाऱ्यांना त्या दिशेने प्रवृत्त करणे आणि अध्यापनाचा दर्जा उंचावणे म्हणजे नेतृत्व. वर्गातील अध्ययन-अध्यापनाला केंद्रस्थानी मानणाऱ्या नेतृत्वास अध्यापनकेंद्री नेतृत्व म्हणतात. ज्या शाळेचे दप्तर चोख आहे, परंतु पाचवीतील मुलांना वाचता येत नाही, तेथे व्यवस्थापन आहे, नेतृत्व नाही. याउलट, शिक्षक उत्साही असूनही वेतनदेयके व अनुदानाचे प्रस्ताव वेळेवर जात नसतील, तर तो उत्साह फार काळ टिकत नाही.

इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील विद्यापीठांत शालेय प्रशासन हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जाऊ लागला. भारतात एम.एड. ही पदवी प्रथम मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये सुरू केली. शैक्षणिक प्रशासन हा तिच्या अभ्यासविषयांपैकी एक विषय होता.

महाराष्ट्रात या विषयाच्या जडणघडणीत जे. पी. नाईक (१९०७–१९८१) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते. १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेली भारतीय शिक्षण संस्था शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर अध्यापन व संशोधन हे उद्दिष्ट ठेवून काम करू लागली. नाईक आणि त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली पुढे ती पुण्यात स्थलांतरित झाली. परिसरातील शाळांनी एकत्र येऊन साधनसामग्री व अनुभव यांची देवाणघेवाण करावी, ही शाळासंकुलाची कल्पना कोठारी आयोगाने मांडली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये तिचा पुन्हा पुरस्कार करण्यात आला आहे.

राष्ट्रीय पातळीवर १९६२ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने दिल्लीत आशियाई देशांतील शिक्षण नियोजक व प्रशासकांसाठी एक केंद्र सुरू झाले. त्यातूनच पुढे राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था (नीपा) आकारास आली. २००६ मध्ये या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१२ मध्ये तेथे राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राची स्थापना झाली. या केंद्राने तयार केलेल्या अभ्यासक्रमाची आखणी सात क्षेत्रांत केली आहे: शालेय नेतृत्वाचा दृष्टिकोन, स्वविकास, अध्ययन-अध्यापन प्रक्रियेतील परिवर्तन, संघबांधणी, नवोपक्रम, भागीदारी आणि शालेय प्रशासन.

महाराष्ट्रातील अभ्यासक्रम

सेवेतील शिक्षकांना नोकरी सोडून विद्यापीठात जाणे शक्य नसल्याने या शाखेत दूरशिक्षणाचा वाटा मोठा आहे. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) मराठी माध्यमातून शालेय व्यवस्थापन पदविका व शिक्षणशास्त्रातील एम.ए. हे अभ्यासक्रम चालवत आले आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा (स्थापना १९८५) शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासन हा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये कार्यरत व्यक्तींसाठी प्राथमिक शिक्षण या विषयात एम.ए. सुरू केले. त्यात काही काळ प्रत्यक्ष वर्ग आणि उरलेला काळ कामाच्या ठिकाणी राहून अभ्यास अशी रचना होती. सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी राज्य शासनाची शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था (मिपा) छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

अभ्यासविषय

अशा अभ्यासक्रमांत साधारणतः पुढील विषयांचा समावेश असतो:

- शैक्षणिक नियोजन: पटसंख्या, गळती व उपस्थिती यांच्या नोंदींवरून शालेय विकास आराखडा तयार करणे.
- शालेय वित्त: वेतन व वेतनेतर अनुदान, अंदाजपत्रक, लेखापरीक्षण.
- कायदे व नियम: सेवाशर्ती, बालकांचा शिक्षण हक्क, माहितीचा अधिकार, बालकांचे संरक्षण.
- मनुष्यबळ: कार्यविभागणी, संघर्षाचे निराकरण, नव्या शिक्षकांना मार्गदर्शन.
- पर्यवेक्षण: वर्गनिरीक्षण आणि निरीक्षणानंतरची चर्चा.
- समाजसहभाग: पालक, ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांच्याशी असलेले संबंध.
- संशोधन: कृतिसंशोधन, प्रकल्प अथवा लघुप्रबंध.

यांपैकी वर्गनिरीक्षणाचे उदाहरण उद्बोधक आहे. पारंपरिक तपासणीत मुख्याध्यापक वर्गाच्या मागील बाकावर बसून शेरे लिहितो आणि पाठाचा तास तेथेच संपतो. पदव्युत्तर अभ्यासात निरीक्षणाचे तीन टप्पे शिकवले जातात. पाठापूर्वी शिक्षकाशी बोलून नेमके काय पाहावयाचे हे ठरवणे, पाठाच्या वेळी केवळ त्याच गोष्टीची नोंद घेणे आणि पाठानंतर ती नोंद समोर ठेवून शिक्षकासच निष्कर्षापर्यंत येऊ देणे, असे हे टप्पे आहेत. या पद्धतीत दोष शोधण्यापेक्षा पुढील पाठ सुधारण्याकडे लक्ष असते.

नियुक्ती आणि अर्हता

महाराष्ट्रातील खासगी माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकाची नियुक्ती महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनुसार होते. पदवी, बी.एड. आणि किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव ही मूळ अर्हता आहे. पाचपैकी किमान दोन वर्षांचा अनुभव बी.एड. नंतरचा असावा लागतो. पात्र शिक्षकांपैकी समाधानकारक सेवा असलेल्या सेवाज्येष्ठ शिक्षकाची नियुक्ती केली जाते. या मूळ अर्हतेत व्यवस्थापनविषयक पदव्युत्तर शिक्षणाचा समावेश नाही.

सेवाज्येष्ठतेमुळे संस्थाचालकांच्या मर्जीनुसार होणाऱ्या नेमणुकांना आळा बसतो, हा या नियमाचा लाभ आहे. परंतु अध्यापनात आयुष्य गेलेला शिक्षक बऱ्याचदा पन्नाशी ओलांडल्यावर, निवृत्तीस थोडी वर्षे उरली असता मुख्याध्यापक होतो. काल जो गणित शिकवत होता, त्याला आज शिपायाच्या रजेपासून इमारतीच्या दुरुस्तीपर्यंत सर्व निर्णय घ्यावे लागतात. बहुधा तो हे काम ज्येष्ठ लिपिकाकडून शिकतो आणि काम हाती येईपर्यंत निवृत्तीचा दिवस जवळ येतो. म्हणून पदोन्नतीनंतर प्रशिक्षण देण्याऐवजी पदोन्नतीपूर्वी दहा-पंधरा वर्षे आधी हे शिक्षण मिळावे, असा युक्तिवाद केला जातो. इंग्लंडमध्ये नव्या मुख्याध्यापकांसाठी राष्ट्रीय अर्हता काही काळ बंधनकारक होती. २०१२ मध्ये ती ऐच्छिक करण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये मुख्याध्यापकांसाठी प्रतिवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक विकास शिक्षण अपेक्षित धरले आहे.

पुरुषोत्तमनगर व नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक, तर साक्षरता सुमारे ६४ टक्के आहे. शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण आहे. दक्षिणेस तापीकाठचा बागायती पट्टा आणि उत्तरेस सातपुड्यातील पाडे अशा दोन भिन्न परिस्थितींच्या मध्ये हा परिसर येतो.

शैक्षणिक व्यवस्थापनाचे पाठ्यपुस्तकातील प्रश्न येथे प्रत्यक्ष रूपात दिसतात. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व अन्य कामांसाठी कुटुंबे स्थलांतर करतात. पाड्यावरील शाळेचा पट त्यामुळे रोडावतो, तर कारखान्याच्या परिसरात वर्षाच्या मध्येच नवी मुले येतात. जून महिन्यात आखलेले वार्षिक नियोजन अशा दोन्ही शाळांत जानेवारीत निरुपयोगी ठरते. स्थलांतराचा काळ गृहीत धरून आराखडा करणे, मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेपूर्वी पाठवणे आणि परतलेल्या मुलांसाठी उजळणीचे तास राखून ठेवणे, ही कामे मुख्याध्यापकाच्या दूरदृष्टीवर अवलंबून असतात.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. घरी भिली, पावरी, गुजरी किंवा अहिराणी बोलणारे मूल पहिलीत प्रमाण मराठीचे पुस्तक उघडते. कोणता शिक्षक पहिलीस द्यावा हा निर्णय वरवर पाहता वेळापत्रकाचा असला, तरी मुलाच्या पुढील शिक्षणाचा पाया त्यावर ठरतो. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत मुख्याध्यापकास अध्यापनाबरोबर निवास, भोजन व आरोग्य यांचीही जबाबदारी अधीक्षकांच्या सहकार्याने पार पाडावी लागते. या शाळा जिल्ह्यात नंदुरबार व तळोदा येथील प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीत आहेत.

मर्यादा व टीका

या शिक्षणावर पुढील आक्षेप घेतले जातात. अभ्यासक्रमांतील अनेक संकल्पना उद्योगजगतातून आल्या असून शाळेस कारखान्याचे मापदंड लावणे अयोग्य आहे. प्राथमिक स्तरावर दोन शिक्षक व चार वर्ग असलेल्या शाळांची संख्या मोठी असताना पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे मात्र मोठ्या शहरी शाळांची असतात. मुख्याध्यापकाकडे शिक्षकांची निवड वा निधीचा विनियोग यांबाबत फारसे अधिकार नसतात. त्यामुळे नेतृत्वाचे शिक्षण घेऊनही ते वापरण्यास वाव मिळत नाही. काही ठिकाणी पदविका केवळ सेवापुस्तिकेतील नोंदीसाठी घेतली जाते आणि लघुप्रबंध उपचारापुरता लिहिला जातो.

या आक्षेपांच्या संदर्भात कृतिसंशोधनाचे महत्त्व विशेष मानले जाते. अभ्यासकाने आपल्याच शाळेतील एक प्रश्न निवडावा, उपाय योजावा आणि परिणाम नोंदवावा, अशी त्याची रीत आहे. या पद्धतीने केलेला अभ्यास पदवीबरोबर संपत नाही, त्याचा लाभ शाळेस मिळतो.