जॉन चाचा आणि इतर सगळे : डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांची पडद्यावरची माणसं

फिल्मफेअर पारितोषिकांचं पहिलं वर्ष १९५४. त्या वर्षी मोजके पाचच पुरस्कार होते आणि सहायक अभिनेत्यासाठी त्यांत काहीच नव्हतं. दुसऱ्या वर्षी ही उणीव भरून निघाली. १९५५ मध्ये सहायक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार 'बादबान'साठी उषा किरण यांना मिळाला आणि सहायक अभिनेत्याचा पहिला पुरस्कार 'बूट पॉलिश'मधल्या जॉन चाचासाठी डेव्हिड यांना. हिंदी सिनेमाने दुय्यम भूमिकांची पहिल्यांदा दखल घेतली, तेव्हा मानकरी ठरलेल्या दोघांचीही घरची भाषा मराठी होती. उषा किरण आपल्या, हे आपल्याला ठाऊक असतं. डेव्हिडही आपलेच, हे मात्र सांगावं लागतं.

श्रेयनामावलीत त्यांचं नाव नुसतं 'डेव्हिड' असे. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, बेने इस्राएल समाजाची आडनावं समोर ठेवली की जिल्ह्याचा नकाशाच उलगडतो. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, चेऊलचे चेऊलकर. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते आणि तिथून चेऊल म्हणजेच चौल अगदी लागून आहे. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असं हा समाज मानतो. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल जुंपायचे नाहीत, म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणमध्ये एकोणिसाव्या शतकातलं त्यांचं सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली, पण मराठी त्यांच्याबरोबर गेली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथेही निघालं.

या समाजाला गोष्ट रंगवून सांगण्याची सवय होती. अब्राहम, योसेफ, मोशे यांची चरित्रं ते मराठी कीर्तनातून गात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजलेली ही परंपरा आपल्या कीर्तनाच्या इतिहासात अजून पुरेशी आलेली नाही, याची खंत वाटते. सिनेमाशीही या लोकांचं नातं जुनं आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' लागला. तो जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावर बेतलेला होता आणि या नाटककाराचं आडनाव होतं पेणकर.

डेव्हिड मात्र सिनेमात आले ते नोकरी मिळेना म्हणून. १९३० मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. जागतिक मंदीचे ते दिवस होते आणि पुढची सहा वर्षं वणवण करण्यात गेली. नायमपल्ली नावाचे चरित्र अभिनेते त्यांचे मित्र होते. त्यांनी दिग्दर्शक मोहन भवनानींकडे शब्द टाकला आणि १९३७ मध्ये 'झांबो' या टारझनच्या धर्तीवरच्या जंगलपटात डेव्हिडना काम मिळालं. पुढे त्यांनी कायद्याची पदवीही मिळवली. बॉम्बे टॉकीजच्या 'नया संसार'पासून (१९४१) त्यांचं नाव होऊ लागलं. हा चित्रपट वृत्तपत्रसृष्टीवरचा होता आणि त्याचे लेखक होते ख्वाजा अहमद अब्बास. हा ऋणानुबंध टिकला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या अब्बास यांच्या 'शहर और सपना'तही (१९६३) डेव्हिड आहेत. चार दशकांत त्यांनी शंभराहून जास्त चित्रपट केले.

अंगकाठी बुटकी, डोक्याला टक्कल, चेहरा गोल आणि डोळे मिश्कील. असा माणूस नायक होणार नव्हता, आणि डेव्हिडनी तसा हट्ट कधी धरलेला दिसत नाही. हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या काळात अशा नटांना मोठा मान होता. थॉमस मिचेल हे त्यातलं ठळक नाव. एकट्या १९३९ या वर्षात ते 'स्टेजकोच', 'गॉन विथ द विंड' आणि 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' या तिन्ही चित्रपटांत होते, आणि 'स्टेजकोच'मधल्या दारुड्या डॉक्टरसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. तिथे अशा नटांवर पुस्तकं लिहिली गेली. आपल्याकडे ते 'तो टकला काका' एवढ्यावरच राहतात. हा अन्याय आहे, आणि 'बूट पॉलिश' नीट पाहिला की तो जास्तच बोचतो.

राज कपूर यांची निर्मिती आणि प्रकाश अरोरा यांचं दिग्दर्शन असलेला हा चित्रपट भोला आणि बेलू या पोरक्या भावंडांचा आहे. काकू त्यांना भीक मागायला लावते. भीक मागू नका, हातांनी कमवा, हे त्यांना शिकवतो झोपडपट्टीतला जॉन चाचा. पण चाचा स्वतः चोरटी दारू विकतो. उपदेश करणारा माणूस धुतल्या तांदळासारखा असता तर हा चित्रपट प्रचारपट झाला असता. डेव्हिडनी हा दोष लपवला नाही आणि त्याचं भांडवलही केलं नाही. पोरांशी बोलताना ते आवाज मवाळ करत नाहीत, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. त्यामुळे आपण ज्या वाटेने गेलो त्या वाटेने ही पोरं जाऊ नयेत, ही त्यांची तळमळ न सांगता पोचते. मुठीत काय दडलंय हे मुलांना विचारणारं गाणं आजही शाळांच्या संमेलनांत ऐकू येतं. त्यात रफींचा आवाज डेव्हिडच्या तोंडी आहे.

आणि त्याच चित्रपटात ते तुरुंगातलं गाणंही आहे. टक्कल पडलेल्या कैद्यांच्या मेळ्यात बसून चाचा ढगांना साकडं घालतो. मन्ना डे यांनी ते शास्त्रीय ढंगात गायलंय आणि डेव्हिड एखाद्या खानसाहेबांच्या थाटात हातवारे करत ते पडद्यावर जगतात. एकाच माणसाने पोरांच्या डोळ्यांत पाणी आणावं आणि त्याच चित्रपटात असं हसवावं, हे पुरस्कार देणाऱ्यांनी हेरलं होतं.

पुढच्या काळात हृषीकेश मुखर्जींनी त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग केला. 'अनुपमा'मध्ये (१९६६) ते मोझेस आहेत आणि 'सत्यकाम'मध्ये (१९६९) रुस्तम. 'अभिमान'मध्ये (१९७३) ते ब्रिजेश्वरलाल होतात. लग्नाच्या समारंभात नवरा-बायकोचं गाणं ऐकून पुढच्या वादळाची चाहूल सगळ्यांच्या आधी याच माणसाला लागते. भूमिका किती लहान, पण अख्ख्या चित्रपटाचं बीज तिच्यात आहे. 'चुपके चुपके'त (१९७५) शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर ज्यांच्या शिफारशीने घरात शिरतो, ते हरिपद भैया हेच. ख्रिस्ती, पारशी, उत्तर हिंदुस्थानी हिंदू असे सगळे त्यांनी उभे केले आणि कोणाचीही बोली टिंगलीसाठी वापरली नाही. त्या काळच्या हिंदी चित्रपटातले ख्रिस्ती आणि पारशी आठवले तर हा संयम किती दुर्मीळ होता हे कळतं. कोकणातल्या मराठी ज्यूची भूमिका लिहायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

पडद्याबाहेर त्यांचा आवाज समारंभांत घुमत असे. फिल्मफेअरच्या सोहळ्यांचं निवेदन त्यांनी अनेकदा केलं. वेटलिफ्टिंगशीही त्यांचं जवळचं नातं होतं. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी लग्न केलं नाही. अखेरच्या काळात ते कॅनडाला गेले आणि १९८१-८२ च्या हिवाळ्यात टोरांटोत वारले. 

शेवटच्या काही वर्षांतली कामं सलग पाहावीत अशी आहेत. १९७९ चे 'गोलमाल' आणि 'बातों बातों में' शेजारी ठेवून पाहा. 'गोलमाल'मधले डॉक्टर केदार मालक भवानीशंकरांच्या लहरी नोकरी शोधणाऱ्या रामप्रसादला समजावून सांगतात आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याला तोंड फोडतात. त्या घोटाळ्याचं ओझं कुठेतरी आपल्यावरही आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर मधूनमधून दिसतं. बासू चटर्जींच्या 'बातों बातों में'मधले अंकल टॉम लोकलच्या गर्दीत एका तरुणीसाठी स्थळ जमवतात आणि त्यात त्यांना मनापासून गंमत वाटते. दोघंही मध्यस्थच, पण डॉक्टर जपून बोलतात आणि टॉम बेधडक. 'खूबसूरत'मध्ये (१९८०) ते दोन मुलींचे विधुर वडील आहेत. घरात शिस्तीचं नाव नाही, बाप मुलींच्या थट्टामस्करीत सामील. थोरलीच्या सासरी गेलेली धाकटी तिथल्या करड्या शिस्तीशी जे बंड करते, ते रेखाचं मानलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण मुलगी अशी मोकळी का झाली, हे पटवून देण्याचं काम सुरुवातीच्या थोड्या प्रसंगांत डेव्हिडनी केलंय, आणि ते साधलं नसतं तर पुढची सगळी कथा लटकी वाटली असती.