मोठी रिम, मोठा दणका

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाणाऱ्या एसयूव्हीच्या टायरवर 235/65 R17 असं लिहिलेलं असेल, तर टायरची रुंदी 235 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 65 टक्के, म्हणजे सुमारे 153. तेच मोठ्या रिमचं 235/60 R18 असेल तर 141. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच. खड्ड्याचा दणका पोटात घेणारी 12 मिलिमीटरची गादी मात्र गेली. शिवाय मोठी रिम बहुधा जड, त्यामुळे सस्पेन्शनला ती आवरणं कठीण. वळणावर गाडी नेमकी वळते, हे खरं. पण शोरूममधली ऐट कंबरेला महाग पडते. उरलेल्या गादीसाठी हवेचा दाबही सांभाळा. मे महिन्यात डांबर तापलं की दाब वाढलेला दिसतो, पण म्हणून हवा सोडू नका. दाब सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याशी जुळवावा.