गोबीची उडी

गोबी म्हटले की आपल्याला आठवते ती भाजी. आमच्या घरीही तेच झाले. 2006 सालची गोष्ट. मुंबईहून भाच्याचा फोन आला, ‘मामू, उद्या गोबी घेऊन येतोय.’ अम्मी म्हणाली, ‘मुंबईहून गोबी? तळोद्याच्या बाजारात काय कमी आहे?’ दुसऱ्या दिवशी भाचा नंदुरबारला रेल्वेने उतरला, तिथून एसटीने घरी आला आणि त्याने थैलीतून हवा भरून फुगवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत वीतभर पाणी आणि बोटाएवढे दोन मातकट मासे. अम्मीने चष्मा लावून पाहिले आणि विचारले, ‘खायचे नाहीत, दिसायलाही बरे नाहीत, मग आणले कशाला?’

प्रश्न रास्त होता. खरे कारण सांगायला मला संकोच वाटत होता. मी कविता लिहितो. माझ्या कवितेत समुद्र पुष्कळदा येऊन गेला होता. पण आमचे तळोदे सातपुड्याच्या पायथ्याशी. आमची नदी तापी. ती समुद्राला मिळते सुरतेच्या पुढे. समुद्र मी दोनदाच पाहिला होता, तोही काठावरून. एका वाचकाने पत्रात विचारले होते, ‘तुमच्या समुद्रात कोणी राहते की नाही?’ ते वाक्य मला लागले होते. म्हणून घरातच थोडासा समुद्र ठेवून पाहावा, असे मी ठरवले.

गोबी हा तळाशी राहणारा छोटा मासा. जगात त्याच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. कोकणात चिखलावर उड्या मारणारा निवट्या त्यांच्याच गोतातला. आपल्या तापीतही वाळूच्या रंगाचा, चपट्या डोक्याचा एक गोबी आहे. बहुतेक गोबींच्या पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. त्या वाटीच्या आधाराने मासा दगडाला धरून बसतो. लाट आली तरी वाहून जात नाही. भाच्याने आणलेले गोबी वांद्र्याच्या खडकांतल्या डबक्यातले होते. त्यांच्या बाजूच्या परांची वरची टोके केसांसारखी सुटी, झालर लावल्यासारखी होती.

पण मासे येण्याआधी पाणी तयार करावे लागते, आणि खरे काम तेच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाचे मीठ घालून समुद्र होत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच काही लागते. म्हणून मत्स्यपेटीसाठीचे खास मीठ आणायचे. नळाचे पाणी आधी एक दिवस उघडे ठेवायचे, म्हणजे त्यातले क्लोरीन उडून जाते. मग मीठ विरघळवायचे, पंप सुरू करायचा आणि थांबायचे. किती? महिना ते दीड महिना. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विष असतो. वाळूत, दगडांवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू जमायला वेळ लागतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पेटीचा सगळा संसार त्यांच्यावर चालतो. मासे आणण्याची घाई करणाऱ्याचे मासे पहिल्या पंधरवड्यातच मरतात.

आमच्याकडे आणखी दोन शत्रू होते. एक खानदेशचा उन्हाळा, दुसरे भारनियमन. उन्हाने पेटीतले पाणी आटते. मात्र आटते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण खारे पाणी ओतत राहतात आणि पेटी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीज गेली की पंप बंद. मी दुपारी स्टुलावर बसून तांब्याने पेटीतलेच पाणी उचलून वरून धार धरीत असे. घरचे हसत.

पण काय काय पाहिले! भाच्याने दोन धोंडेही आणले होते. त्यांवर पांढऱ्या खडबडीत पुटकुळ्या होत्या. रात्री टॉर्च लावला, तर त्या पुटकुळ्यांची दारे उघडली आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी ओढू लागले. ते बार्नॅकल. दिसतात शिंपल्यासारखे, पण नात्याने खेकडे-कोळंबीचे भाऊबंद. डोके दगडाला चिकटवून हा प्राणी जन्मभर पायांनी अन्न गोळा करतो. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षे या प्राण्यावर घालवली होती, हे वाचले तेव्हा माझ्या स्टुलाची मला लाज वाटेनाशी झाली. दगडाखालून रिकाम्या शंखात राहणारा एक खेकडाही निघाला. अंग वाढले की तो मोठा शंख शोधतो. मी दोन-तीन शंख ठेवले, तर त्याने प्रत्येकात चिमटा घालून मोजमाप घेतले आणि नंतरच घर बदलले. आणि या सगळ्यांच्या मध्ये गोबी, दगडाला टेकून, डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवीत बसलेला. अम्मीसुद्धा संध्याकाळी पेटीसमोर पाट टाकून बसू लागली.

चार महिन्यांनी एका सकाळी दोनपैकी एक गोबी दिसेना. तो सापडला पेटीपासून हातभर अंतरावर, शहाबादी फरशीवर, वाळलेला. रात्री तांब्याने पाणी घालून मी झाकण अर्धेच लावले होते. चूक माझी होती. गोबी पाळणाऱ्याने पहिला नियम कोणता पाळावा, तर झाकण किंवा बारीक जाळी. हे मला तेव्हा शिकायला मिळाले. अम्मी म्हणाली, ‘बिचाऱ्याला घर आठवले असेल.’ मी ते बोलणे हसण्यावारी नेले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक माहिती वाचनात आली. लेस्टर अ‍ॅरनसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1951 मध्ये याच कुळातल्या एका गोबीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ओहोटीला हा मासा खडकातल्या डबक्यात अडकतो. धोका वाटला की उडी मारून शेजारच्या डबक्यात जातो. पाण्यातून त्याला पलीकडचे डबके दिसत नाही, तरी उडी बहुधा चुकत नाही. कशी? अ‍ॅरनसन यांनी कृत्रिम डबकी केली. नवख्या माशांच्या उड्या फसत. मग त्यांनी पाणी वाढवून भरती आणली आणि माशांना सगळीकडे हिंडू दिले. पाणी उतरल्यावर तेच मासे नेमके पलीकडच्या डबक्यात पडू लागले. भरतीच्या वेळी मासा खालच्या खळग्यांवरून पोहतो आणि त्यांची जागा लक्षात ठेवतो. पुढच्या प्रयोगांत ही आठवण चाळीस दिवसांनंतरही टिकलेली दिसली.

ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. माझा मासा का उडाला, हे ठामपणे सांगता येणार नाही. मासे घाबरूनही उडतात. पण ज्याच्या जातीला पलीकडे पाणी असल्याची खात्री करून उडी मारण्याची सवय आहे, त्याला मी अशा जागी ठेवले होते, जिथे पलीकडे पाणी नव्हतेच. अम्मी तेव्हा हयात नव्हती. तिचे वाक्य मी फार हलके समजलो होतो.

2018 च्या जानेवारीत भाच्यासोबत हाजीअलीच्या खडकांवर गेलो. मुंबईत 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम लोकांना ओहोटीच्या वेळी किनारा दाखवतो. त्याविषयी ऐकून आम्ही आपले आपणच निघालो होतो. दर्ग्याच्या वाटेवर माणसांची गर्दी, आणि खाली खडकांत गुडघ्याएवढी डबकी. एका डबक्याशी बसलो. पंधरा मिनिटे काहीच नाही. मग दगडाचाच एक तुकडा हलला. तोच मातकट रंग, तीच झालर. माझी सावली पडली मात्र, त्याने उडी मारली आणि शेजारच्या डबक्यात टपकन पडला.

त्याच वर्षी किनारी रस्त्याचे काम सुरू झाले. 2020 मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळांच्या काही वसाहती तिथून हलवल्या गेल्या, कारण प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे. गोबी त्या यादीत नाही. आणि त्याला उचलून दुसरीकडे नेले, तरी कुठल्या खळग्यापलीकडे पाणी आहे हे त्याला पहिल्यापासून शिकावे लागेल.

माझ्या पेटीत आता समुद्र नाही. उरलेला गोबी आणि तो खेकडा आयुष्यभर तिथेच राहिले. त्यांच्यानंतर मी नवे आणले नाहीत. तुम्हाला पेटी ठेवायची असेल तर जरूर ठेवा. पण प्रवाळ, समुद्रघोडे विकत घेऊ नका, तो गुन्हा आहे. मासे पाळणुकीत जन्मलेले घ्या, महिनाभर आधी पाणी तयार करा आणि झाकण नीट लावा. आणि कधी मुंबईला, कोकणात गेलात, तर ओहोटीला खडकांवर जाऊन एका डबक्यापाशी बसा. सूर्य समोर ठेवा, म्हणजे तुमची सावली मागे पडेल. निदान पंधरा मिनिटे उठू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)