चाक मोठं, पण किती मोठं?

दिल्ली परिसरात गाडी सजवायची म्हटलं की पावलं करोल बागेकडे वळतात. तिथे अलॉय व्हीलचे पैसे मोजण्याआधी टायरवरचे आकडे वाचायला शिका.

समजा, टायरवर १८५/६५ आर १५ असं छापलंय. १८५ मिलिमीटर ही रुंदी. तिच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिमी, ही टायरच्या भिंतीची उंची. रिम १५ इंची. चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२२ मिमी. आता १६ इंची रिमवर १९५/५५ टायर चढवला, तर व्यास येतो ६२१ मिमी. स्पीडोमीटरला फरक जाणवत नाही. मात्र भिंत १०७ मिमीवर आली. खड्ड्याचा दणका पचवणारं रबर १३ मिमीने घटलं. उरलेला मार रिमला, म्हणून ती वाकते.

दुसरा मुद्दा वजनाचा. चाक पुढे जातं आणि फिरतंही. त्यामुळे कडेजवळचा एक जादा किलो वेग घेताना जवळपास दोन किलोंइतकी ताकद मागतो. म्हणून दुकानात जुनं आणि नवं, दोन्ही चाकं काट्यावर ठेवायला सांगा. रिमवर भारक्षमता कोरलेली नसेल, तर ती घेऊ नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच बजावलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला दिलेला आकार निवडणं सर्वांत सुरक्षित.