कंकालेश्वराचें तळें आणि नायगांवचे मोर

बीड जिल्हा म्हटला कीं दुष्काळ आणि ऊसतोडीस निघालेलीं कुटुंबें वाचकांच्या डोळ्यांपुढें येतात. त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु गेल्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब तेथें एक दिवस घालविला, आणि तो सारा पाण्याच्याच मागावर गेला.

सकाळीं बीड शहरांतील कंकालेश्वराचें दर्शन घेतलें. चालुक्य-यादव काळच्या शैलीचें हें प्राचीन देऊळ तळ्याच्या मधोमध उभें आहे. बांधणी तारकाकृति, शिळा झिजलेल्या, कित्येक मूर्तींचे हात भंगलेले. पण भिंतीवर शस्त्रें घेतलेल्या स्त्रिया आहेत, त्यांच्यापुढून आमच्या मुली हलेनात! आम्हांस अधिक नवल वाटलें तें तळ्याचें. पाऊस बेभरंवशाचा असलेल्या मुलखांत देवालाच पाण्यांत बसविलें, म्हणजे तळें राखणें हेंही पूजेचेंच अंग झालें. (ही आमची कल्पना, ग्रंथाधार मागूं नये.)

पुढें शहराबाहेरची खजाना बावडी पाहिली. इ. स. १५८३ च्या सुमारास, निजामशाहीच्या अमदानींत, सलाबतखानानें ती बांधविली. दोन भुयारांतून पाणी विहिरींत येतें व तिसऱ्यांतून केवळ उतारानें शेतांकडे जातें. मोट नको कीं पंप नको.

उन्हें कलल्यावर पाटोदा तालुक्यांतील नायगांवचें मयूर अभयारण्य गांठलें. हें १९९४ सालीं जाहीर झालें. विस्तार सुमारें तीस चौरस किलोमीटर. ‘सफारी’ म्हणतांच मुलांच्या मनांत उघडी जीपगाडी आणि वाघ! येथें दोन्ही नव्हतें. बालाघाटाचे रखरखीत डोंगर, कांटेरी झुडुपें, आणि वनरक्षकानें दाखविलेला एक छोटा पाणवठा. त्यापासून दूर, झाडाआड, आम्ही तासभर मुकाट्यानें बसलों. घरीं पांच मिनिटें गप्प न बसणारीं मुलें श्वास रोखून बसलीं होतीं. प्रथम चार लांडोरी आल्या. मग मान उंचावीत एक मोर. एक घोंट पाणी, पुन्हां चौफेर नजर, पुन्हां घोंट. पिसारा त्यानें फुलविला नाहीं. तहानलेल्या जिवास नाच कोठला सुचणार? उन्हाळ्यांत हे पाणवठे आटले तर पांखरें गांवच्या विहिरींकडे वळतात आणि तेथें कुत्र्यांच्या तावडीत सांपडतात, असें वनरक्षक सांगत होता.

परततांना आजीला वाटेंत एक मोरपीस सांपडलें. देवघरांतल्या बाळकृष्णासाठीं तिनें तें पदरांत घेतलें. वनरक्षक हात जोडून म्हणाला, “आजी, ते इथंच राहू द्या. इथली काडीसुद्धा नेता येत नाही.” आजी क्षणभर घुटमळली, मग तिनें तें झाडाच्या बुंध्याशीं ठेवलें व आपल्या तांब्यांतलें उरलेलें पाणी जवळच्या खोलगट दगडांत ओतलें.

मुलांनीं पाहिलेले मोर नऊ कीं अकरा, हा वाद मात्र घरीं पोंचेपर्यंत मिटला नाहीं.