मिसळ आणि सहभोजन

रविवारची सकाळ उजाडली की नाशिक शहरातील मिसळीच्या दुकानांपुढे मंडळींची दाटी होऊ लागते. पंचवटीतील जुन्या उपाहारगृहांपासून गंगापूर रस्त्याकडील मळ्यांत थाटलेल्या प्रशस्त दुकानांपर्यंत सर्वत्र एकच देखावा दिसतो: चार-सहा मित्रांचा घोळका, एक लांब मेज आणि मध्यभागी लालभडक रश्श्याचे भांडे. परगावच्या पाहुण्यास या गर्दीचे नवल वाटते. कारण नाशिक म्हटले की त्याच्या मनात गोदावरी, कुंभमेळा आणि द्राक्षे यांचीच चित्रे उभी राहतात. परंतु या तीर्थक्षेत्रात मित्रांनी एकत्र बसून मिसळ खाण्यास एक निराळाच अर्थ आहे, आणि तो ध्यानात येण्यासाठी प्रथम हा पदार्थ नीट पाहावयास हवा.

मिसळ या नावातच तिची घटना सांगितलेली आहे. मोड आणलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर शेव-फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, वरून रस्सा आणि सोबतीस पाव, असा तिचा थाट असतो. रश्श्यावर तरंगणारी तर्री ही काही निव्वळ शोभेची वस्तू नाही. मिरचीचा रंग आणि तिचा झणझणीतपणा हे दोन्ही गुण पाण्यात फारसे उतरत नाहीत, तेलात मात्र सहज उतरतात. फोडणीचे तेल ते गुण उचलून घेते आणि पाण्याहून हलके असल्यामुळे वर येऊन बसते. म्हणूनच तोंड पोळले असता पेलाभर पाण्याने भागत नाही. दह्यातील स्निग्धांश व प्रथिने यांनीच तिखटाचा जोर ओसरतो. नाशिकच्या ताटात मिसळीशेजारी दह्याची वाटी आणि पापड येतो, आणि कित्येक ठिकाणी शेवटी जिलबीही मागविली जाते. काही दुकाने भाजलेला कांदा व सुके खोबरे वाटून केलेल्या काळ्या रश्श्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

फरसाण रश्श्यात पडताच मऊ पडू लागते. त्याचा कुरकुरीतपणा टिकावा म्हणून रस्सा निराळ्या भांड्यात ठेवतात व ज्याने त्याने तो लागेल तसा वाढून घ्यावा, अशी रीत आहे. एकाच भांड्यातून सर्वांनी घेणे ही गोष्ट आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु महाराष्ट्रात हीच गोष्ट एके काळी मोठ्या धाडसाची होती.

पावाचेच उदाहरण पुरेसे आहे. हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिभेद सोडल्याची खूण म्हणून सभासदास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आणि हे सारे गुप्तपणे चाले. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झाले, तेव्हा रानडे आणि टिळक यांच्यासारख्या थोर पुरुषांनाही ग्रामण्यास तोंड द्यावे लागले. एक पेला चहा समाज ढवळून काढण्यास पुरेसा झाला.

नाशिकचा इतिहास याहून तीव्र आहे. ज्या पंचवटीत आज मिसळीसाठी लोक ताटकळत उभे राहतात, तेथेच २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो कित्येक वर्षे नेटाने चालविला. तरीही त्या काळात मंदिराचे दार उघडले नाही. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि तिच्या १५ व्या कलमाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. तथापि त्यानंतरही कित्येक गावांतील चहाच्या दुकानांत विशिष्ट गिऱ्हाइकांसाठी निराळी कपबशी ठेवलेली असे.

यावरून एक गोष्ट उघड होते. कायदा उपाहारगृहाचे दार उघडू शकतो. आपल्या शेजारी कोणास बसवून घ्यावे, हे मात्र तो शिकवू शकत नाही. ते काम स्नेहाचे आहे. शाळेतील, कारखान्यातील वा कचेरीतील सोबती एका मेजाभोवती बसतात, एकमेकांचा रस्सा चाखतात, पाव मोडून अर्धा दुसऱ्यास देतात, तेव्हा पूर्वी ज्यासाठी सभा भरवाव्या लागल्या व प्रायश्चित्ताचे वाद झाले, ते सहजगत्या घडून जाते. त्या सहजतेचे मोल मोठे आहे. पण दुकानातील मेज हे परक्याचे मेज असते, आणि तेथील मोकळेपणा तासाभरात संपतो. रविवारी ज्याच्यासह मिसळ खाल्ली, त्या मित्रास घरच्या पंगतीत, सणावारी, त्याच मोकळेपणाने बोलाविले जाते काय, याचे उत्तर प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहूनच द्यावयाचे आहे.