पावसाची पळी

मुंबई महापालिकेच्या १८९३ साली पूर्ण झालेल्या गॉथिक इमल्याकडे बोरीबंदरच्या बाजूने कौतुकाने पाहत उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला, शहराच्या कोणत्या भागात किती पाऊस पडला याची वार्ता आषाढ-श्रावणात दर पंधरा मिनिटांनी येथील आपत्कालीन नियंत्रण कक्षात येऊन दाखल होते, याची सहसा कल्पना नसते. ही वार्ता आणणारा हरकारा म्हणजे अग्निशमन केंद्रांच्या व पालिकेच्या अन्य इमारतींच्या गच्च्यांवर बसविलेला, दिसायला एखाद्या डब्यासारखा असा स्वयंचलित पर्जन्यमापक होय.

त्याची रचना चकित करण्याइतकी साधी आहे. नरसाळ्यातून उतरणारे पाणी, तराजूच्या दांडीप्रमाणे मध्यावर तोललेल्या दोन चिमुकल्या पळ्यांपैकी वर आलेल्या पळीत पडते. ती ठरल्या मापाने भरली की स्वतःच्याच भाराने कलंडून रिती होते, तोच दुसरी धारेखाली येते. आणि प्रत्येक कलंडण्यासरशी चुंबकाच्या योगाने विजेचे एक मंडल क्षणभर जोडले जाते. ह्या क्षणांची मोजदाद म्हणजेच पर्जन्यमान. पूर्वी निरीक्षकाने सकाळी ८.३० वाजता मापनपात्रात पाणी ओतून जो आकडा नोंदवहीत उतरवावा, तो आता दूरसंचाराच्या वाटेने आपण होऊन दप्तरी रुजू होतो. पळीत पाचोळा अडकला तर मात्र आकडा खोटा पडतो. म्हणून ह्या यंत्रालाही झाडूवाल्याची गरज उरलीच आहे.

ही तजवीज करण्याची बुद्धी मुंबईला फार मोठी किंमत मोजून झाली. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची चोवीस तासांची नोंद सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर भरली, आणि त्याच अवधीत कुलाब्यास अवघी ७३ मिलिमीटरांच्या आसपास. दोन वेधशाळांच्या आकड्यांवर विसंबणाऱ्या नगरीला आपल्याच उपनगरांवर काय ओढवले आहे याचा घटकेघटकेचा अंदाज येणे त्या दिवशी दुरापास्त होते. शासनाने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. आणि पुढल्याच वर्षी, पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या साह्याने, पर्जन्यमापकांचे जाळे विणण्यास आरंभ झाला. पुढे अशी केंद्रे साठापर्यंत गेली, आणि मिठी नदीच्या पातळीवरही यंत्राची नजर बसली.

नगरांना ‘स्मार्ट’ हे विशेषण लावण्याची जी टूम अलीकडे निघाली आहे, ती प्रस्तुत लेखकाला फारशी रुचत नाही. कारण पाऊस कळणे निराळे आणि त्याचा निचरा होणे निराळे. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने केली. परंतु तिला खरी गती मिळाली ती २००५ च्या प्रलयानंतरच. भरतीचे पाणी उलटे शिरू नये म्हणून दरवाजे व पंप असलेली आठ उदंचन केंद्रे योजिली गेली. त्यांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह आदी उभी राहिली, आणि मोगरा व माहुल वर्षानुवर्षे रखडली. पळीने आपला आकडा पंधरा मिनिटांत पाठवावा आणि पंपाने त्याची दखल घेण्यासाठी दशकभर वाट पाहावी, हा दोष यंत्राचा खचित नव्हे.

जून २०२० मध्ये केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने पालिकेच्या सहकार्याने ‘आय-फ्लोज’ ही पूर्वसूचना-प्रणाली सुरू केली. अपेक्षित पाऊस, भरतीची उंची, जमिनीचा उतार आणि नाल्यांची क्षमता यांचा मेळ घालून, कोणत्या विभागात पाणी साचेल याचे भाकीत तीन दिवसांपर्यंत आधी करण्याचा तिचा उद्देश आहे. त्या भाकिताची पारख अखेर गच्च्यांवरील पळ्यांच्या नोंदींशीच ताडून होणार.

वाचकाने जोराच्या पावसात घराबाहेर पडण्यापूर्वी आपल्या विभागाचा आकडा आणि भरतीची वेळ अवश्य पाहून घ्यावी. आणि रस्त्यात पाणी चढू लागलेच, तर पालिकेच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १९१६ आहे.